तराजू धरणाऱ्यांचे त्रैमासिक

कोणते नियतकालिक घ्यावे, कोणते बंद करावे, कोणते भरवशाचे आणि कोणते फसवे, हे ठरवण्याचा पगार ज्यांना मिळतो त्या माणसांनी स्वतःचेच नियतकालिक काढले तर ते कसे निघेल? प्रश्न थोडा खोडकर आहे, पण त्याचे उत्तर कल्पनेने द्यावे लागत नाही. अमेरिकेतील मेडिकल लायब्ररी असोसिएशन ही वैद्यकीय ग्रंथपालांची संस्था शंभराहून अधिक वर्षे असे एक नियतकालिक चालवते आहे. १९११ ते २००१ या काळात त्याचे नाव ‘बुलेटिन’ होते. २००२ पासून ते ‘जर्नल’ झाले. पहिल्या खंडापासून आजपर्यंतचे सगळे अंक पबमेड सेंट्रल या सार्वजनिक संग्रहात कोणालाही फुकट वाचता येतात. एखाद्या व्यवसायाचे शतकभराचे बोलणे इतके उघड्यावर पडलेले क्वचितच सापडते.

या लेखासाठी मी ते सगळे वाचले असे म्हणणार नाही. दर दशकातले काही खंड सलग वाचले, बाकीचे चाळले. वाचताना माझे एक मत बनत गेले. या नियतकालिकाची निम्मी पाने ‘आम्ही उपयोगी आहोत’ हे सिद्ध करण्यात खर्ची पडली आहेत. वकील आणि न्यायाधीश दोघेही घरचेच. त्याची थोरवी मात्र उरलेल्या पानांत आहे, जिथे ग्रंथपालांनी आपल्याच मापांवर संशय घेतला. ही पाने संख्येने थोडी आहेत आणि त्यांच्याकडे लक्षही थोडेच गेले.

मुळापासून सुरुवात करते, कारण नियतकालिकाचा स्वभाव त्याच्या जन्मातच ठरला. २ मे १८९८ रोजी फिलाडेल्फियात एका वैद्यकीय नियतकालिकाच्या कचेरीत आठ माणसे जमली. चार डॉक्टर, चार ग्रंथपाल. संस्थापकांत डॉ. जॉर्ज गूल्ड आणि विल्यम ऑस्लर ही बडी नावे आहेत, पण अशी संस्था हवी ही कल्पना प्रथम ऑस्लर यांच्यापुढे मांडली ती मॅकगिल विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयातील मार्गारेट चार्लटन यांनी, असे मानले जाते. संस्थेचे पहिले काम अगदी साधे होते: देवाणघेवाण. एका ग्रंथालयात एखाद्या अंकाच्या दोन प्रती पडून आहेत, दुसऱ्याच्या बांधीव खंडात नेमका तोच अंक गहाळ आहे. तर याची जास्तीची प्रत त्याला द्यायची. ज्याने कधी ‘सत्यकथे’चा किंवा ‘नवभारत’चा संच पुरा करण्यासाठी रद्दीची दुकाने पालथी घातली असतील त्याला या कामाचे मोल सांगायला नको.

या देवाणघेवाणीला बोलते ठेवायला पत्रिका हवी होती. पण ती टिकेना. ‘मेडिकल लायब्ररीज’ १८९८ ते १९०२ चालले. मग ‘मेडिकल लायब्ररी अँड हिस्टॉरिकल जर्नल’ १९०३ ते १९०७. मग ‘एस्क्युलेपियन’, १९०८-०९, म्हणजे जेमतेम दोन वर्षे. एक-दोन माणसांच्या अंगावर पत्रिका उभी राहायची आणि ती माणसे दमली, हलली की आडवी व्हायची. का. र. मित्रांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तो १९०९ सालीच, म्हणजे तिकडे एक पत्रिका बंद पडत असताना. माणसांच्या हौसेवर चालणाऱ्या छपाईचे दुखणे दोन्हीकडे एकच होते.

१९११ मध्ये ‘बुलेटिन’ सुरू झाले, बाल्टिमोरहून. त्यामागे डॉ. जॉन रूह्रा होते आणि मार्शिया नॉइस होत्या. नॉइस या मेरीलँडच्या वैद्यकीय मंडळाच्या ग्रंथपाल. मंडळाच्या इमारतीतच त्या राहत. जास्तीच्या प्रतींची देवाणघेवाणही त्यांनी बराच काळ सांभाळली. १९३३ साली त्या संस्थेच्या अध्यक्ष झाल्या: पहिल्या स्त्री आणि डॉक्टर नसलेल्या पहिल्या व्यक्ती. हे आकडे शेजारी ठेवून पाहा. ग्रंथपालांची संस्था १८९८ ची आणि तिच्या प्रमुखपदी ग्रंथपाल बसायला पस्तीस वर्षे लागली. आपण उपयोगी आहोत हे डॉक्टरांना पटवून देण्याची जी घाई या नियतकालिकात पुढे सतत दिसते तिचे मूळ मला इथे दिसते. यजमानाच्या घरात राहणाऱ्याला आपले असणे रोज थोडे थोडे समजावून सांगावे लागते.

*

आता या व्यवसायात पणाला काय लागलेले असते ते सांगायला हवे, नाहीतर बाहेरच्या वाचकाला ही सगळी कपाट-खतावणीची बाब वाटेल.

२००१ साली बाल्टिमोरच्याच जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याची यंत्रणा समजून घेण्यासाठी एक प्रयोग झाला. त्यात निरोगी स्वयंसेवकांना हेक्झामेथोनियम नावाचे औषध श्वासावाटे दिले गेले. हे औषध जुने. एके काळी रक्तदाबासाठी वापरले जाई. चोवीस वर्षांची एक स्वयंसेविका, तिथलीच तंत्रज्ञ, फुफ्फुसे निकामी होऊन २ जून २००१ रोजी गेली. प्रयोगापूर्वी संशोधकांनी वाङ्मयशोध केला होता. पण संगणकावरचा नेहमीचा शोध तेव्हा १९६६ पर्यंतच मागे जाई, आणि या औषधाने फुफ्फुसांना इजा होते असे सांगणारे लेख १९५० च्या दशकातले होते. ते ग्रंथालयांच्या बांधीव खंडांत होते, छापील सूच्यांत नोंदलेले होते. चौकशीत इतरही त्रुटी निघाल्या. सगळा दोष शोधावर टाकणे बरोबर नाही. तरी वैद्यकीय ग्रंथपालांमध्ये ही घटना आजही सांगितली जाते ती उगाच नाही. कुठे थांबायचे हे ठरवणे हा शोधाचा अर्धा भाग असतो, आणि तो प्रशिक्षणाशिवाय येत नाही.

म्हणून ‘शोध कसा घेतला ते नीट लिहा’ हा आग्रह मला या नियतकालिकाच्या अलीकडच्या कामातला सर्वांत भरीव भाग वाटतो. एखाद्या रोगावरचे सगळे अभ्यास गोळा करून निष्कर्ष काढणाऱ्या लेखांवर आज उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे उभी असतात. त्या लेखांत ‘आम्ही अमुक सूचीत शोध घेतला’ असे एक वाक्य असते आणि पुष्कळदा त्यावरून तोच शोध पुन्हा करून पाहता येत नाही. पाककृतीत ‘चवीपुरते मसाले’ लिहावे तसे. २०२१ मध्ये ‘प्रिझ्मा-एस’ नावाची सोळा कलमांची तपासयादी प्रसिद्ध झाली: कोणत्या सूच्या, कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांनी, कोणत्या मर्यादा घालून शोधल्या, सगळे मांडा. ती ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यूज’ या वैद्यकीय नियतकालिकात आली, त्याच वर्षी ग्रंथपालांच्या ‘जर्नल’मध्येही आली. दोन्हीकडे छापण्यामागचा हिशोब माझ्या मते अचूक होता. घरच्यांना ती पाठ हवी आणि शेजाऱ्यांना ती ऐकू जायला हवी.

*

आता वकिलीच्या पानांकडे.

१९८० च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांचे अर्थकारण बदलले. १९८३ पासून सरकारी विमा रुग्णालयाला आजाराच्या प्रकारानुसार ठरावीक रक्कम देऊ लागला. १९८६ मध्ये त्या योजनेत सामील होण्यासाठी रुग्णालयात ग्रंथालय असलेच पाहिजे ही अटही निघाली. म्हणजे व्यवस्थापनाच्या दृष्टीने ग्रंथालय हा काटता येण्याजोगा खर्च झाला. अशा वेळी जोन मार्शल यांचा ‘रॉचेस्टर अभ्यास’ १९९२ मध्ये ‘बुलेटिन’मध्ये आला. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर भागातल्या पंधरा रुग्णालयांतील डॉक्टरांना सांगितले गेले की एखाद्या रुग्णासंबंधी ग्रंथालयाकडे माहिती मागा आणि तिचा काय परिणाम झाला ते कळवा. २०८ डॉक्टरांनी उत्तरे दिली. त्यांतील ८० टक्के म्हणाले की या माहितीमुळे उपचारातली एखादी गोष्ट आपण बहुधा किंवा नक्कीच वेगळी केली. ५१ टक्क्यांनी तपासण्यांची निवड बदलली, ४५ टक्क्यांनी औषधे बदलली, २९ टक्क्यांनी निदान बदलले.

हा लेख त्या व्यवसायाच्या गळ्यातला ताईत झाला, आणि तो का झाला हे समजते. ग्रंथालय बंद करायला निघालेल्या अधिकाऱ्यासमोर ठेवायला आकडा हवा होता, तो मिळाला. २०१३ मध्ये त्याच मार्शल आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच मोठ्या प्रमाणावर तोच प्रश्न विचारला. ११८ रुग्णालयांना सेवा देणारी छप्पन्न ग्रंथालये, सोळा हजारांवर उत्तरे, आणि सुमारे तीन चतुर्थांश लोकांचे उत्तर पुन्हा ‘होय’.

पण समीक्षक म्हणून वाचताना मी इथे अडते. ज्याला आपण मदत केली त्यालाच ‘मदत झाली का?’ असे विचारल्यावर बहुतेक माणसे काय म्हणतील? उत्तर देणारे कोण आणि न देणारे कोण? उपचार बदलला हे ठीक, पण बदल रुग्णाच्या हिताचाच ठरला हे डॉक्टरांच्या सांगण्याखेरीज कशावरून? हेच प्रश्न वैद्यकीय ग्रंथपाल औषधांच्या चाचण्यांना रोज विचारतात. एखाद्या औषध कंपनीने आपल्या गोळीबद्दल असा अभ्यास सादर केला असता तर त्यांनीच त्याच्या समासात लाल पेन्सिलीने काय लिहिले असते याची कल्पना करता येते. माझा आक्षेप मार्शल यांच्यावर नाही. त्यांनी हाताशी असलेल्या साधनांनी प्रामाणिक काम केले आणि पद्धत लपवली नाही. मला खटकते ती नंतरची सवय: तो आकडा उचलायचा, पद्धत मागे ठेवायची.

याचाच धाकटा भाऊ म्हणजे ‘आमच्या ग्रंथालयात आम्ही असे केले’ हा लेखप्रकार. गेल्या पन्नास वर्षांतले असे लेख ओळीने वाचले तर एक चमत्कारिक चित्र दिसते: जवळजवळ प्रत्येक प्रयोग यशस्वी झाला आहे. ग्रंथपाल वॉर्डात डॉक्टरांबरोबर फेरी मारू लागला, सर्वांना आवडले. विद्यार्थ्यांसाठी वर्ग घेतला, आधीपेक्षा गुण वाढले. कोणाचा वर्ग ओस पडला नाही? पैसे घालून आणलेली एखादी प्रणाली धूळ खात पडली नाही? पडलीच असणार. मी स्वतः वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बरीच वर्षे काढली आहेत. ओस वर्गांची मला चांगली ओळख आहे. पण फसलेल्या कामावर लेख लिहायला कोणी बसत नाही. जोनाथन एल्ड्रेज यांनी २००० साली ‘बुलेटिन’मध्ये पुराव्याधिष्ठित ग्रंथपालनाची रूपरेषा मांडली. डॉक्टरांना जी शिस्त आपण शिकवतो ती आपल्या निर्णयांनाही लावा, असा त्याचा रोख होता. तो लेख पुष्कळांनी डोक्यावर घेतला. त्यानंतर पद्धती सुधारल्या यात शंका नाही. यशाची टक्केवारी मात्र फारशी खाली आलेली मला दिसली नाही.

*

मग थोरवी कुठे? त्यासाठी १९४४ च्या खंडापाशी जायला हवे.

पार्श्वभूमी अशी. १९२७ मध्ये ग्रॉस आणि ग्रॉस या दोघांनी ‘सायन्स’मध्ये एक युक्ती सुचवली होती. लहान महाविद्यालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत? त्यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलचा १९२६ चा खंड घेतला, त्यातल्या लेखांनी कोणकोणत्या नियतकालिकांचे संदर्भ दिले ते मोजले. ज्याचे संदर्भ अधिक, ते अधिक मोलाचे. युक्ती इतकी सोपी आणि इतकी शास्त्रीय दिसणारी होती की एकामागून एक विषयांत ग्रंथपाल अशा याद्या करू लागले.

एस्टेल ब्रॉडमन तेव्हा कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय ग्रंथालयात होत्या. त्यांनी शरीरक्रियाशास्त्राची नियतकालिके घेतली आणि संदर्भ मोजून आलेली क्रमवारी त्याच विभागातील प्राध्यापकांनी आपल्या अनुभवाने लावलेल्या क्रमवारीशी ताडून पाहिली. दोन्ही जुळेनात. मग त्यांनी त्या पद्धतीखालची गृहीतके एकेक करून उजेडात आणली. संदर्भांची संख्या म्हणजे मोल, हे एक गृहीतक. मोजणीसाठी घेतलेले नियतकालिक साऱ्या विषयाचे प्रतिनिधी आहे, हे दुसरे. अनेक नियतकालिके घेतली तर सर्वांना सारखेच वजन द्यावे, हे तिसरे. तिन्ही सिद्ध केलेली नाहीत. ही पद्धत वापरायचीच तर हात राखून वापरा, असा त्यांचा एकूण सूर आहे. ‘बुलेटिन’मधली ती पाचच पाने आहेत.

तारखा पाहिल्या की त्या पाच पानांचे वजन कळते. यूजीन गार्फील्ड यांचा संदर्भसूचीच्या कल्पनेवरचा प्रसिद्ध लेख १९५५ चा. त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ १९६० च्या दशकातली. नियतकालिकांच्या ‘इम्पॅक्ट फॅक्टर’च्या वार्षिक याद्या १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनच्या. म्हणजे जो आकडा पुढे जगभरच्या प्राध्यापकांच्या बढत्या ठरवू लागला, त्याच्या पायातल्या भेगा एका ग्रंथपाल बाईंनी तो आकडा जन्मण्याच्या कितीतरी आधी, ग्रंथपालांच्याच पत्रिकेत दाखवून ठेवल्या होत्या. ब्रॉडमन पुढे १९४७ पासून दहा वर्षे ‘बुलेटिन’च्या संपादक होत्या. वैद्यकीय संदर्भसूचीच्या विकासावरचे त्यांचे १९५४ चे पुस्तक आजही त्या विषयाचा पाया मानले जाते. तरीही त्या लेखाचा इशारा त्या व्यवसायाच्या भिंतीबाहेर फारसा गेला नाही. ‘बुलेटिन’ वाचणार कोण, तर ग्रंथपाल. डॉक्टर आणि अधिष्ठाते ते नाव ऐकूनच संस्थेची बातमीपत्रिका समजून बाजूला ठेवत असणार. २००२ मध्ये ‘बुलेटिन’चे ‘जर्नल’ झाले ते मला म्हणूनच निव्वळ पाटी बदलणे वाटत नाही.

*

संपादनाची रोजची बाजू पाहिली की टीका जरा सौम्य होते, म्हणून तीही सांगते.

आज हे जर्नल फक्त ऑनलाइन निघते. पिट्सबर्ग विद्यापीठाचे ग्रंथालय त्याला घर देते, आणि ते ‘ओपन जर्नल सिस्टिम्स’ या मोफत संगणकप्रणालीवर चालते. लेखकाकडून पैसे घेत नाही, वाचकाकडून घेत नाही. मग पैसे येतात कुठून? संस्थेच्या तिजोरीतून, म्हणजे मुख्यतः सभासदांच्या खिशातून. आणि श्रम येतात कुठून? संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी. प्रत्येक लेख वाचून मत देणारे परीक्षक कुठल्यातरी रुग्णालयात किंवा महाविद्यालयात दिवसभर नोकरी करून हे करतात, आणि त्याचा मोबदला घेत नाहीत. मुद्रितशोधन, सारणी नीट बसवणे, आणि मुख्य म्हणजे पबमेड सेंट्रलला हवी तशी खुणांनी बांधलेली लेखाची संगणकीय प्रत तयार करणे, याला मात्र खरा पैसा लागतो. ‘फुकट’ हा शब्द वाचकाच्या बाजूने खरा असतो. दुसऱ्या बाजूला कोणीतरी तो बिलात भरत असतो.

परीक्षण दोन्ही बाजूंनी नाव झाकून होते. पण व्यवसाय एवढासा. ‘अमुक भागातील इतक्या खाटांचे बालरुग्णालय’ एवढे वाचले की परीक्षकाला ग्रंथालय ओळखू येणारच, बहुधा लेखकही. हीच अडचण माहिती खुली करण्यात येते. १ ऑक्टोबर २०१९ पासून या जर्नलने नियम केला की संशोधनलेखाच्या लेखकांनी मुळातली माहिती, व्यक्तींची ओळख पुसून, सार्वजनिक भांडारात ठेवावी. शास्त्रज्ञांना ‘तुमची माहिती खुली करा’ असा उपदेश करणाऱ्यांनी तो स्वतःला लावला, हे कौतुकाचेच. पण बारा रुग्णालय-ग्रंथपालांच्या मुलाखतींतून ओळख पुसणे म्हणजे आळीतल्या माणसाचे वर्णन नाव न घेता करण्यासारखे आहे. हा नियम वाचताना मला वाटले, इथे हे लोक पुन्हा ब्रॉडमनबाईंच्या वाटेला लागले आहेत: जे सांगतो ते करून पाहायचे आणि कुठे टोचते ते पाहायचे.

तुलनेसाठी शेजारची उदाहरणे. ब्रिटनचे ‘हेल्थ इन्फर्मेशन अँड लायब्ररीज जर्नल’ तिथल्या आरोग्य-ग्रंथपालांच्या गटाचे, पण छापते वायली ही बडी कंपनी. म्हणजे वाढत्या वर्गण्यांबद्दल ज्या कंपन्यांशी ग्रंथपाल वर्षभर घासाघीस करतात, त्यांच्यातल्याच एकीकडे त्यांचे स्वतःचे लेखन. त्याला लाभही आहेत: पगारी कर्मचारी, वेळेवर अंक. दुसरीकडे ‘जर्नल ऑफ लायब्ररी ॲडमिनिस्ट्रेशन’. लेखकांकडून लिहून घ्यायच्या हक्कांवरून टेलर अँड फ्रान्सिसशी पटेना, तेव्हा २०१३ मध्ये अख्ख्या संपादक मंडळाने राजीनामा दिला. २०१९ मध्ये ‘जर्नल ऑफ इन्फर्मेट्रिक्स’च्या मंडळाने एल्सेव्हियर सोडून नवे खुले नियतकालिकच काढले. राजीनाम्याची बातमी होते. शंभर वर्षे न बंद पडता, न विकले जाता चालत राहण्याची होत नाही.

*

आपल्याकडे या गोष्टीचा खरा धागा जुळतो तो बढतीच्या नियमांपाशी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांबरोबर ग्रंथपालांनाही गुणांची कोष्टके लावली. लेख छापा, गुण मिळवा. मागणी आली तसा पुरवठाही आला. पैसे भरा आणि आठवड्यात लेख छापून घ्या, अशी नियतकालिके निघाली आणि त्यांतली कित्येक आयोगाच्या मान्य यादीत जाऊन बसली. पुण्यात भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशींवरून या यादीत शिरलेली १००९ नियतकालिके तपासली. ८८ टक्क्यांहून अधिक दर्जाला उतरली नाहीत. तो अभ्यास २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्याच वर्षी आयोगाने ४३०५ नियतकालिके यादीतून काढली. पुढे पुणे विद्यापीठातल्या केंद्राच्या मदतीने ‘केअर’ यादी आली, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आयोगाने तीही बंद करून जबाबदारी पुन्हा विद्यापीठांवर टाकली.

या सगळ्या काळात ग्रंथपाल कुठे होते? नियतकालिक खरे की खोटे हे ओळखणे हेच ज्यांचे काम, त्यांच्याकडे शिफारशी करणाऱ्या किती समित्यांनी विचारणा केली? माझ्या माहितीतल्या एका महाविद्यालयाच्या समितीत ग्रंथपाल होता, तो बैठकीचे इतिवृत्त लिहिण्यापुरता. आणि हेही सांगायला हवे की गुणांच्या त्याच रांगेत ग्रंथपालही उभे होते. फसव्या नियतकालिकांत ग्रंथालयशास्त्राचीही होतीच.

आपल्याकडे दुसरे काही जमतच नाही असे मात्र नाही. मुंबईत सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालयाच्या अध्यापकांची संस्था ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून चालवते आहे. ओपीडी उरकून संपादन करणाऱ्या डॉक्टरांच्या पिढ्यांनी ते टिकवले. इंटरनेटवर ते वाचकांसाठी खुले झाले तेही लवकर. म्हणजे संस्थेच्या ओसरीवर, नोकरी सांभाळून, दर्जा राखून वैद्यकीय नियतकालिक चालते, हे आपल्या परळमध्ये सिद्ध झालेले आहे. वैद्यकीय ग्रंथपालांकडून तसे काही का उभे राहिले नाही? एक कारण संख्या, दुसरे पदे. सेवानिवृत्त झालेल्या ग्रंथपालाची जागा वर्षानुवर्षे भरली जात नाही तिथे संध्याकाळी परीक्षण करायला माणूस कुठून येणार? तिसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. नॉइसबाई अध्यक्ष होण्याआधीची जी पस्तीस वर्षे अमेरिकेत गेली, ती आपल्याकडे अजून संपलेली नाहीत.

१ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे तेरा हजार नियतकालिके उघडली आहेत. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये. जिल्ह्याच्या ठिकाणच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाला हे मोठेच वरदान आहे. पण तेरा हजारांत नेमके कसे शोधावे, कुठे थांबावे, हे शिकवणाऱ्यांचा खर्च त्या रकमेत धरलेला नाही. एवढ्या वाचनाने महाराष्ट्रातल्या वॉर्डांत काय बदलले हे उद्या कोणी मोजायला निघाले, तर रॉचेस्टरची प्रश्नावली तयार आहे. ती मराठीत, हिंदीत करून वाटायला अवघड नाही. त्याआधी १९४४ च्या खंडातली ती पाच पाने काढून वाचावीत. त्यांना वर्गणी लागत नाही.